नाव सारखे, बाप निराळा

(राष्ट्रीय मतदार दिनी खेड तालुक्यातील एका गावी, मारुतीच्या पारावर, तेथील शाळेच्या शिक्षकांनी केलेले भाषण. श्रोत्यांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



दुसऱ्या पाळीची मंडळी अजून कंपनीत अडकली आहेत, आणि ज्यांचा कांदा उपटून शेतात पडला आहे त्यांचे निम्मे लक्ष शेताकडे आहे. तेव्हा मी फार वेळ घेणार नाही. मास्तर असे म्हणतात आणि मग तासभर बोलतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. तरी पण म्हणून ठेवतो.

मी सरकारी शाळेचा मास्तर. अमक्याला मत द्या अगर तमक्याला देऊ नका, असे सांगण्याची मला मनाई आहे, व तशी माझी इच्छाही नाही. आज पारावर उभा आहे तो एवढ्याचकरिता, की तुम्ही जे मत ज्याला द्यावयाचे ठरविता ते त्यालाच पोहोचते की वाटेत दुसराच कोणी ते उचलून नेतो, याची चौकशी आपण कोणी करीत नाही. चाकणच्या बाजारात कांदा विकला आणि हाती पट्टी आली की आपण ती दहा वेळा उलटीपालटी करतो. हमाली किती धरली, तोलाई किती कापली, हे पोराकडून वाचून घेतो. पाच रुपयांचा फरक दिसला तर अडत्याच्या दारात जाऊन बसतो. परंतु पाच वर्षांचा सौदा ज्या एका बटणावर होतो, तेथे मात्र आपण डोळे मिटून बोट ठेवतो आणि शाई दाखवीत घरी येतो.

आता घरचीच गोष्ट सांगतो. माझी आत्या आमच्याकडे असते. वय पंच्याहत्तरीच्या पुढचे. शाळेचे तोंड तिने पाहिले नाही. परंतु दुधाचा हिशेब तोंडी असा ठेवते की डेअरीवाल्याची वही चुकेल, आत्या चुकणार नाही. १३ मे २०२४ रोजी आपल्या शिरूर मतदारसंघात लोकसभेचे मतदान झाले. आम्हा मास्तरांना त्या दिवशी परगावच्या केंद्रावर नेमतात, म्हणून मी घरी नव्हतो. मध्यरात्र उलटल्यावर यंत्रे जमा करून परत आलो. सकाळी चहा घेताना विचारले, "काय आत्या, केलेस का मतदान?" ती म्हणाली, "तर! तुतारीला दिलं. पर बाळा, त्या चित्र काढणाऱ्यानं माणूसच काढला नव्हता बघ. नुसतीच तुतारी व्हती. म्हटलं, जागा पुरली नसंल."

माझ्या हातातला चहा निवून गेला. तिची परवानगी घेऊनच हे तुमच्यापुढे सांगत आहे. तिने कोणाला मत द्यावे हा तिचा प्रश्न, त्यात मी कधी पडलो नाही. पण तिच्या मनात जो होता त्याला ते गेले नाही, एवढे मला त्याच क्षणी कळून चुकले.

घडले होते ते असे. राष्ट्रवादी पक्षात फूट पडली, घड्याळ एका बाजूला गेले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शरद पवारांच्या पक्षाला "तुतारी वाजविणारा माणूस" हे चिन्ह मिळाले. ही तुतारी म्हणजे आपल्या जत्रेत, पालखीपुढे फुंकतात ती, वाकडी. परंतु अपक्षांना वाटण्याकरिता जी मोकळ्या चिन्हांची यादी असते, तीत लग्नाच्या बँडमध्ये वाजते तसल्या विलायती वाद्याचे एक चित्र होते, आणि मराठीत त्याचेही नाव "तुतारी" असेच लिहिलेले होते! लोक पुढे त्याला पिपाणी म्हणू लागले, पण ते मागाहून. ज्याने "तुतारी, तुतारी" असे महिनाभर ऐकले त्याला यंत्रावर तुतारी दिसली आणि त्याने बटण दाबले. त्यात त्याची काय चूक?

आपल्याच शिरूर मतदारसंघात त्या पिपाणीला २८ हजारांहून अधिक मते पडली. निवडून आलेल्या उमेदवाराचे, म्हणजे डॉ. अमोल कोल्हे यांचे, मताधिक्य १,४०,९५१ होते, म्हणून कोणी फारसा गवगवा केला नाही. नाशिकच्या बाजूला दिंडोरीत तर अशाच तुतारीच्या एका अपक्षाला एक लाख तीन हजारांवर मते मिळाली. आता मला सांगा, ज्याची सभा नाही, ज्याची भिंतीवर रंगवलेली पाटी नाही, त्याला लाखभर मते आभाळातून पडतात काय? तेथे खऱ्या उमेदवाराचे आडनाव भगरे, आणि त्या अपक्षाचेही आडनाव भगरेच, व त्यापुढे कंसात "सर" अशी मास्तरकीची खूणही होती; कारण खरे उमेदवारही मास्तरच. साताऱ्यात विजयी उमेदवाराचे मताधिक्य ३२,७७१ आणि पिपाणीची मते ३७,०६२. असो. आपल्या आत्याच्या मताने काही फिरले नाही, असे म्हणून मी तेव्हा स्वतःचे समाधान करून घेतले. ते समाधान सहा महिनेच टिकले.

आता आंबेगावची गोष्ट ऐका. चाकणहून नाशिकच्या रस्त्याने राजगुरुनगर ओलांडून पुढे मंचर, तो हा मतदारसंघ. तुमच्यापैकी कित्येकांच्या लेकीबाळी तिकडे दिल्या आहेत. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला तेथे दिलीप वळसे-पाटील यांच्याविरुद्ध देवदत्त जयवंतराव निकम उभे होते, तुतारी वाजविणाऱ्या माणसाच्या चिन्हावर. आणि त्याच यादीत आणखी एक गृहस्थ होते, देवदत्त शिवाजीराव निकम. चिन्ह? तीच पिपाणी! नाव तेच, आडनाव तेच, वाद्याचे नाव तेच. निराळा फक्त बाप. वळसे-पाटील १,५२३ मतांनी निवडून आले. दुसऱ्या निकमांना मते पडली २,९६५.

हे गणित मी सातवीच्या मुलांना फळ्यावर घातले होते, नावे न सांगता. पहिल्याला दुसऱ्यापेक्षा १,५२३ मते जास्त. तिसऱ्याला २,९६५. तिसऱ्याची किती मते दुसऱ्याची निघाली तर निकाल फिरतो? एका मुलीने लगेच सांगितले, "गुरुजी, १,५२४." म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त. ती सगळी मते चुकूनच पडली असे मी म्हणत नाही; म्हणण्याचा मला अधिकारही नाही. त्या दुसऱ्या गृहस्थांनाही उभे राहण्याचा तेवढाच हक्क आहे, त्यांचेही आप्तस्वकीय असतील, त्यांनाही लोक मानत असतील. वळसे-पाटलांनी काही केले असाही माझा दावा नाही. परंतु आंबेगावचा आमदार आंबेगावच्या लोकांनी निवडला की एका सारखेपणाने निवडला, हे आता ब्रह्मदेवालासुद्धा सांगता येणार नाही. मला वाईट वाटते ते याचे. हरलेला माणूस पुन्हा उभा राहील, जिंकलेला पुन्हा जिंकेल. पण ज्या म्हाताऱ्याने दोन मैल चालत जाऊन मत दिले त्याला ते कोठे गेले हेच कळले नाही, त्याचे काय?

हा डाव आजचा नव्हे आणि एकाच पक्षाचाही नव्हे. रायगडात २०१४ साली अनंत गीते हे सुनील तटकरे यांच्यावर २,११० मतांनी निवडून आले, आणि त्या यादीत दुसरे एक सुनील तटकरे होते, अपक्ष, त्यांना ९,८४९ मते! छत्तीसगडात महासमुंद येथे त्याच वर्षी चंदूलाल साहू नावाच्या उमेदवारासमोर त्याच नावाचे अगर जवळपास त्याच नावाचे दहा जण उभे केले गेले. तो तरीही थोडक्यात निवडून आला, ही गोष्ट वेगळी. आज ज्याच्यावर डाव उलटला तो उद्या दुसऱ्यावर उलटविणार नाही, अशी हमी मी कोणाचीच देत नाही.

तुम्ही म्हणाल, मग सरकार काय करते? काहीच करत नाही असे नाही. नियमांत तरतूद आहे की दोघांचे नाव एकच असेल तर धंदा, गाव किंवा दुसरी काही खूण घालून ते निराळे दाखवावे. २०१५ पासून यंत्रावर उमेदवाराचा फोटोही लावतात. आयोगाने २०२४ च्या विधानसभेआधी तुतारीवाल्या माणसाचे चित्र जास्त ठळक करण्याचे कबूल केले. ते दुसरे वाद्य मात्र यादीतून काढले नाही. फोटोचा उपाय चांगला, परंतु लबाडाला उपायाचाही उपाय सापडतो. रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे २०२१ साली बोरिस विश्नेव्हस्की नावाचा एक पुढारी उभा होता. त्याच्याविरुद्ध जे दोघे उभे राहिले त्यांनी कायदेशीर रीतीने आपली नावे बदलून बोरिस विश्नेव्हस्की केली, आणि फोटोकरिता त्याच्यासारखी दाढीही राखली! मतदार भिंतीवरच्या तीन दाढ्यांकडे पाहत उभा. आपल्याकडे अजून दाढीपर्यंत मजल गेलेली नाही, एवढेच.

कोर्टातही एक गृहस्थ गेले होते. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अर्ज आला की अशा सारख्या नावाच्या उमेदवारांना आळा घालावा. न्यायालयाने त्यात पडण्याचे नाकारले. आईबापांनी एखाद्याचे नाव पुढाऱ्यासारखे ठेवले म्हणून त्याचा उभे राहण्याचा हक्क कसा काढून घेणार, असा त्यांचा सवाल. खरे सांगू? ऐकून प्रथम मला राग आला. मग वर्गात गेलो. माझ्या वर्गात तीन ओंकार आहेत. त्यांतल्या एकाने काच फोडली म्हणून तिघांची नावे मी पटावरून काढू शकत नाही. मी काय करतो? हजेरी घेताना बापाच्या नावासकट हाक मारतो. न्यायाधीशांचे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटत नाही. फक्त त्याचा अर्थ असा होतो की या बाबतीत कायदा आपल्या मदतीला फारसा येणार नाही, आणि पटावरचे पूर्ण नाव वाचण्याचे काम आपल्यावरच आले.

आणि वाचण्याचे काम आपल्यावर आले म्हणजे काय होते, हे आपल्या पुणे जिल्ह्यासारखे दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? १८७५ साली १२ मे रोजी भीमथडी तालुक्यातील सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली, आणि तेथून पुणे व नगर जिल्ह्यांत ते लोण पसरले. त्यांना हवे होते कर्जरोख्यांचे कागद. कागद सापडले की ते जाळीत. का? कारण त्या कागदावर त्यांची निशाणी होती आणि वर काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते. जोतीराव फुल्यांनी "शेतकऱ्याचा असूड" लिहिला तो १८८३ सालचा. अक्षरशून्य शेतकरी कागदोपत्री कसा नागवला जातो हे त्यात पानोपानी आहे. आपले खापरपणजे सावकाराच्या कागदावर न वाचता निशाणी करीत; आपण यंत्रावर न वाचता बोट ठेवतो. सावकाराने निदान व्याजाने का होईना पैसे दिले होते!

चिन्ह ही चीज मुळात कोणासाठी काढली, हेही लक्षात घ्या. १९५१-५२ साली पहिली निवडणूक झाली तेव्हा देशात शंभरांतील अठराच माणसांना वाचता येत होते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेवली आणि तिच्यावर चित्र लावले: बैलजोडी, झोपडी, असली. ज्याला अक्षर येत नाही त्याला फसवणूक न होता मत देता यावे, हा त्यातला हेतू. आणि आता ते चित्रच फसवण्याचे हत्यार झाले आहे. आंधळ्याची काठी काढून तिनेच त्याला मारावे, तशातली ही तऱ्हा.

चिन्हांचे एवढे पुरे. आता दुसरी एक लबाडी सांगतो, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. पूर्वी मी ज्या गावी नोकरीला होतो तेथे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला कुंभाराच्या घरची एक बाई उभी राहिली. नवरा वारलेला, स्वतः चाक सोडून वीटभट्टीवर कामाला जाणारी, बोलायला खणखणीत. ती निवडून येणार असे सर्वांनाच वाटत होते. मतदानाच्या आदल्या रात्री घरोघर दाराच्या फटीतून एक कागद टाकला गेला: अमक्या बाईंनी माघार घेतली असून तमक्यांना पाठिंबा जाहीर केला आहे. खाली तिचे नाव, वर देवाची तसबीर. तिचा मुलगा माझ्याच वर्गात होता. दुसऱ्या दिवशी मी केंद्रावर जायला निघालो तो हा पोरगा वाटेत उभा, हातात तो कागद. म्हणाला, "गुरुजी, आई म्हणती म्या माघार घेतलीच नाही. पण हे तर छापलंय. मग खरं कुणाचं?"

छापलेले ते खरे, हे त्या पोराला कोणी शिकवले होते? मीच शिकवले होते! पुस्तकात काय दिलंय ते पाहा, असे रोज म्हणणारा मीच. बाई पडली. कोणी टाकला कागद, हे सर्व गाव जाणत होता आणि कोणीच सांगत नव्हता.

त्या दिवशी दोन गोष्टी मला ठाऊक असत्या तर त्या पोराला उत्तर देता आले असते. एक, माघारीची ठरलेली वेळ टळली की मग कोणालाही माघार घेताच येत नाही. त्याचे नाव व चिन्ह यंत्रावर राहते आणि त्याला दिलेले मत त्यालाच मोजले जाते. तेव्हा आदल्या रात्री "माघार" असे ऐकाल ते खोटे धरून चाला. फार तर कोणी तोंडी पाठिंबा दिला असेल, तो त्याच्याच तोंडून ऐका. दुसरी, लोकसभा-विधानसभेच्या १९५१ च्या कायद्यात स्पष्ट कलम आहे की प्रचाराच्या कागदावर छापणाऱ्याचे व प्रसिद्ध करणाऱ्याचे नाव-पत्ता पाहिजे. त्या कागदाच्या तळाला ते नव्हते. लग्नपत्रिकेवर छापखान्याचे नाव असते, आणि सरपंच कोण व्हावा हे ठरविणाऱ्या कागदावर नाही, तेव्हाच ओळखावे. हल्ली कागदाचे काम फोनवर होते, आणि पुढाऱ्याचा चेहरा व आवाज हुबेहूब बनविता येतो. ते ओळखणे मलाही जमत नाही, पण मतदानाच्या आदल्या रात्री येते ते कशाकरिता येते, हे ओळखायला शाळा लागत नाही.

आता केंद्रातले सांगतो, कारण तिथे मी अनेक वेळा बसलो आहे. एका यंत्रावर सोळा बटणे असतात. उमेदवार जास्त झाले की शेजारी दुसरे यंत्र येते, कधी तिसरेही. नावांचा क्रम लागतो तो आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदलेले दुसरे पक्ष, शेवटी अपक्ष, आणि प्रत्येक गटात अक्षरक्रमाने. म्हणून सारख्या नावाचे दोघे शेजारी शेजारी असतीलच असे नाही. एक वर सापडला की खालचा पाहण्याचे कारण उरत नाही, आणि खालचा आधी दिसला की वरचा राहून जातो. बटण दाबले की शेजारच्या पेटीत काचेमागे चिठ्ठी दिसते. तिच्यावर क्रमांक, नाव आणि चिन्ह. सात सेकंद दिसते व आत पडते. बहुतेक लोक शिट्टीसारखा आवाज झाला की पाठ फिरवितात. चिठ्ठीकडे शंभरांत किती जण पाहतात कोण जाणे.

आणि आम्ही टेबलाशी बसलेलो असतो. एखादी म्हातारी पडद्याआड जाते, बराच वेळ काही वाजत नाही. ती आतूनच विचारते, "गुरुजी, ह्ये कोणतं?" आम्हाला उत्तर देता येत नाही. देऊही नये, एकदा मास्तर उत्तर देऊ लागला की दुसऱ्या दिवशी मास्तरच मते टाकील. जिला दिसत नाही किंवा हाताने दाबता येत नाही तिला सोबतीचा माणूस नेता येतो. परंतु नुसते वाचता येत नाही म्हणून नेता येत नाही. मी वीस वर्षे मुलांना अक्षरे शिकवली आणि त्यांच्या आज्या माझ्या समोर, चार हातांवर, अक्षरासाठी अडतात आणि मी गप्प बसतो. नियम बरोबर आहे. पण त्या वेळी मान खाली जाते.

लोकसभेनंतर त्या दिवाळीत मी आत्यासाठी पुठ्ठ्यावर यादी काढली. उमेदवारांची अंतिम यादी कचेरीत सर्वांना पाहण्यासाठी लावतात, ती उतरवून आणली. क्रमांक, पूर्ण नाव बापाच्या नावासकट, चिन्हाचे चित्र. सगळे उमेदवार, कोणालाही न वगळता. कारण पक्षवाले नमुना म्हणून जो कागद देतात त्यावर त्यांचा एकटाच असतो, आणि फसगत तर बाकीच्यांत लपलेली असते. रोज संध्याकाळी तिची नात तो पुठ्ठा धरून बसे. पहिल्या दिवशी आत्या रागावली, "आता मला शाळंत घालतोस व्हय?" चौथ्या दिवशी तीच विचारू लागली, "ह्याच्या बापाचं नाव काय? आन् त्याच्या?" तिला अक्षरे आली नाहीत. पण तिचा जो होता त्याचा क्रमांक तिने पाठ केला, आणि चित्रात काय आहे व काय नाही हे बारकाईने पाहायला शिकली. २० नोव्हेंबरला मत देऊन आली ती उंबऱ्यातूनच सांगत आली, "चिठ्ठीबी बघितली. पडंस्तवर हाललेच नाही."

तेव्हा आता कामाचे बोलून संपवतो. पुढच्या निवडणुकीची यादी लागली की ती मी शाळेच्या मोठ्या खोलीत फळ्यावर उतरवीन, जशी आहे तशी, एकही नाव कमीजास्त न करता, आणि कोणाबद्दल बरेवाईट एक शब्द न बोलता वाचून दाखवीन. सहावी-सातवीच्या मुली पुठ्ठे करणार आहेत. ज्या घरात वाचणारे कोणी नाही त्या घरी त्या स्वतः येऊन बसतील. पाळीवर जाणारांसाठी वाचन दोनदा ठेवू, सकाळी सातला आणि रात्री नऊला. कोणत्याही पक्षाच्या माणसाने येऊन ऐकावे, त्याच्या उमेदवाराचे नाव चुकीचे वाचले तर तेथेच टोकावे. सुतारआळीतल्या व कुंभारवाड्यातल्या आज्यांना आणण्याचे त्यांच्या नातवंडांवर सोपविले आहे. येताना चष्मा आणावा; ज्यांचा फुटला आहे त्यांनी शेजाऱ्याचा आणला तरी चालेल.